सरासरी दोन अँपिअर

ईट, ता. भूम
१८ जानेवारी

प्रिय कृष्णराज,

अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दिवाळीत, तू आईला करून दिलेलं अंडी उबवायचं खोकं जळालं, मी चारचौघांत तुझ्या नावानं शंख केला आणि तू ताटावरून उठून पुण्याला गेलास. तिनंही तुझ्याशी बोलणं टाकलंय. एकाच घरात दोन तऱ्हेचे अबोले, माणसानं किती सोसायचे?

सध्या मी नवं खोकं जोडतोय आणि डोकं उठलंय. हीटरला वीज सरळ सलग का द्यायची नाही रे? सेकंदात शंभर वेळा चालू, शंभर वेळा बंद! तीस वर्षं खांबांवर चढलो, असला चाळा कुठं पाहिला नाही. वर ते करंट हद्दीबाहेर गेला की आपोआप बंद होणारं तुझं नखाएवढं स्विच. दसऱ्याला जाताना तू चिठ्ठीत लिहिलंस, पाच अँपिअरचं आणा. मी मीटर लावला तर दोन दाखवत होता. दोनला पाच कशाला? पोरगं शिकून शेफारलं म्हटलं आणि धाराशिवहून अडीचचं आणलं. ते मेलं दर दोन मिनिटांनी बंद पडायचं. खोकं गार आणि तुझी आई तापलेली. "ह्यापरीस माझी खुडूक कोंबडी बरी, तिला स्विच लागत न्हाय," म्हणायची.

परवा शेजारच्या वाशीला सिद्रामप्पांकडे गेलो, ते रेडिओ दुरुस्त करायचे ते. त्यांनी चहा संपायच्या आत उलगडून सांगितलं. हीटर अर्धा वेळ चार अँपिअर ओढतो, अर्धा वेळ काहीच नाही. मीटर आपला सरासरी काढून दोन सांगतो. स्विचला सरासरी कळत नाही, त्याला दर खेपेला चारच दिसतात. म्हणजे ते चारच्या वरचं हवं आणि वायरला सोसेल त्याच्या आतलं. पाचच! हे तू मला असं का सांगितलं नाहीस? सांगितलंही असशील. मला शिकवायला निघालास की माझे कान बंद होतात, हा माझा जुनाच रोग.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. स्विच जळालं नव्हतं, ते माझ्या खिशात होतं. वैतागून मी ते काढलं आणि त्या जागी तांब्याची तार पिळली, जन्मभर लोकांच्या फ्यूजमध्ये पिळली तशी. पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली, आणि आवरायला मधे काहीच नव्हतं. विसावा दिवस होता. तुझ्या आईनं सकाळीच अंड्यांना कान लावून आतली चिवचिव ऐकली होती. मी मात्र दोष तुझ्या स्विचवर ढकलला. राखेतली ती तार तू उचलून पाहिलीस, मी बघत होतो. तरी तू तिच्यासमोर एक शब्द काढला नाहीस. मला त्याची फार लाज वाटते रे. मी चुकलो. हे पत्र आधी तिला वाचायला देणार आहे, आणि तिनं ते पाठवायचं ठरवलं तर पत्ता तिलाच घालायला सांगणार आहे. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील.

तुझाच,
अण्णा