दोन फळ्यांमधली फट

शुक्रवार, संध्याकाळ

बुडालेल्या जुन्या गलबताच्या फळ्या, दोन वर्षं औषधाच्या पाण्यात ठेवून वाळवलेल्या, आज संग्रहालयासाठी परत जोडायला घेतल्या. शेवटच्या दोन फळ्यांत बोटभर फट राहिली. ती मिटवायला मी चिडून क्लँपचा स्क्रू आवळत होते, तेवढ्यात आप्पा माझा डबा घेऊन आले. शिरोलीच्या फौंड्रीत जन्मभर ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न बनवलेला माझा बाप. त्यांनी माझा हातच धरला.

"वाळल्यावर लाकूड आकसतंय की गं. मी बी आकसलोय. मला ओढून लांब करतीस व्हय?"

हसले मी. क्लँप सोडला. अजून एक पीळ, आणि फळी तडकलीच असती. फट तशीच ठेवली.

पण त्यांचं ते मनगट... शर्टाच्या बाहीत पार हरवलेलं. दिवाळीला हाच शर्ट अंगात नीट बसत होता ना?

फळ्या किती आकसल्या, ते दर आठवड्याला मोजून लिहिते मी. आप्पांकडे नीट बघून किती दिवस झाले, ते कुठंच लिहिलेलं नाही.