फाटकाबाहेरचं पाऊल

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

परवानगी आली. नाझरेनोची, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीची, मिरवणूक यंदा रस्त्यावर नाही, चर्चच्या अंगणातल्या अंगणात! फाटक मात्र सताड उघडं ठेवायचं, पोलिसांना आतलं दिसलं पाहिजे. जो बाहेर पाऊल टाकील त्याला उचलणार.

शेजारची दोन्या ब्रिखिदा पाद्रे उर्बानोंवर चिडली. देवाला फिरायला सरकारची परवानगी कशाला, म्हणाली. पाद्रे हसले. "बायबलात पौल सांगतो, अधिकाऱ्यांचं ऐका. पेत्र सांगतो, आधी देवाचं ऐका. आणि दोघांनाही सरकारनेच मारलं, ब्रिखिदा. यंदा अंगणातच फिरू." मी झावळ्या गोळा करत होते. मला राग आला नाही. बरंही वाटलं नाही.

२५ मार्च

फाटकावर ड्युटी नेमेसियोची लागली. माझ्याच पोराची! त्याचा बाप गेल्यापासून मूर्तीच्या दांड्याला पुढून डावा खांदा त्याचा. जेवताना म्हणाला, "आई, यंदा दुसरं कुणी बघा." मान वर केली नाही. मी तोर्तिया वाढत राहिले. तो पोलिसात लागला तेव्हा मीच मेणबत्ती लावली होती.

२७ मार्च

नाझरेनोच्या जांभळ्या झग्याला इस्त्री केली. हात आपले चालत होते.

२९ मार्च, शुभ शुक्रवार

डाव्या खांद्याला कुणी पुढे होईना. पोलिसाच्या जागेवर उभं राहायला कुणाला नको. शेवटी मीच शिरले. उंची आहे, खांदा आहे. पुरुष कुरकुरले, पण मूर्ती उचलायला उशीर होत होता.

आणि मग काय ते कळलं. आजवर नाझरेनो दारातून निघायचा तो सरळ फाटकाबाहेर. अंगणात त्याला कधी कुणी वळवलंच नव्हतं! दांडे एवढे लांब, अंगण एवढंसं. एवढी चर्चा झाली – पाद्रे, मंडळी, पोलीस – दांडे मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फाटकापाशी वळायला लागलो. मागचे ढकलताहेत, उजवीकडचे खांबाला घासताहेत, आणि मी डावीकडून उघड्या फाटकातून बाहेर. थांबले असते तर मूर्ती कलंडली असती. चार-पाच पावलं रस्त्यावर पडली असतील. समोर नेमेसियो उभा. एकटाच. त्याने माझे पाय पाहिले. मग माझं तोंड पाहिलं. मी वळून आत आले.

खांद्यावर वळ उठलाय. दुखत नाही.

३० मार्च

पाद्रेंना सकाळी धरून नेलं. चपला घालू दिल्या नाहीत.

३१ मार्च, ईस्टर

चर्चला कुलूप. ब्रिखिदाने पपईचं गोड आणून दिलं, थोडी बसली आणि गेली.

दुपारी नेमेसियो आला. बूट न काढता खुर्चीवर बसला. साहेबाला कुठूनतरी कळलं होतं की कुणीतरी बाहेर आलं. नाव दे म्हणून मागेच लागला.

"कुणाचं तरी द्यायलाच लागणार होतं, आई. तुझं कसं देऊ?"

पाद्रे तर मिरवणुकीच्या मागे होते, मी म्हटलं. मूर्तीला हातही नव्हता त्यांचा.

"त्यांना मी काल विचारलं," तो म्हणाला. "कोठडीत. खरं सांगू का म्हणून. ते म्हणाले, गप्प राहा, आईला सांभाळ."

मग रडला. लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आलं नाही. पाद्रे साठीचे आहेत, त्यांना दमा आहे, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी खरं सांगितलं तर पोरगा खोटी माहिती दिली म्हणून आत जाणार. नाही सांगितलं तर ते आतच.

तो गेल्यावर पपईचं गोड खाल्लं. चव लागली नाही. नाझरेनोपुढे गुडघे टेकायचे म्हटलं तर तो कुलपात.

१ एप्रिल

चौकीच्या बाकावर बसून लिहितेय. वही पिशवीत घालून आणली होती, पाद्रेंच्या चपलांबरोबर. टेबलापाशी नेमेसियो, त्याच्या मागे साहेब. मी सांगितलं, फाटकाबाहेरचं पाऊल माझं होतं, आणि ह्या पोलिसाने ते पाहिलंय.

नेमेसियोने पेन उचललं. कागद सरळ केला. मागे वळून साहेबाकडे पाहिलं नाही.

"खरंय," म्हणाला. "नाव सांगा, आई."