दोर सैल सोडला

कारवार, बुधवार

आबा आणि आई, दोघांच्या पाया पडतो.

फोन पाण्यात पडला म्हणून पत्र लिहितोय. मी बरा हाय.

खरं सांगतो, सोमवारी मी बॅग भरली होती. कारवारला उतरून सरळ घरी तळवड्याला यायचं ठरवलं होतं. कोचीहून निघाल्यापासून वारा समोरून, आमची शिडाची होडी एका अंगावर कललेली, पोटात काही राहीना. आबा म्हणाले असते, पोरानं ही चौथी नोकरी सोडली.

चूक माझीच. चाकणच्या कारखान्यात पाना कट्‌ वाजेपर्यंत बोल्ट आवळायची सवय, तसाच शिडाचा दोर आवळत होतो. सुकाणू दोन्ही हातांनी धरूनही आवरेना. आमचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, केळुसकर मालवणचे. म्हणाले, "रे चाकणकरा, ह्यो काय बोल्ट आसा? वायच ढिलो सोड."

दोर सैल केला, मोठं शीड थोडं गुंडाळलं, होडीचं तोंड वाऱ्यापासून जरासं बाजूला घेतलं. कललेली होडी सरळ झाली, सुकाणू दोन बोटांवर आलं. दुपारी भात खाल्ला, तो पोटात राहिला.

आईचा गुडघा कसा हाय? गोळ्या घेते ना?

ज्ञानेशदादानं त्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला असेल, तर मागं घ्यायला सांगा. मी होडीवरच राहतोय.

तुमचा,
प्रीतम