भिंतीआडची माणसं

४ मार्च
पोहोचलो. मामा फाटकाशीच उभा होता. माझी बॅग हिसकावून घेत म्हणाला, आता गोरेपणा विसर. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचं त्यानं संग्रहालय केलंय आणि मी तिथला नवा गाइड. खोली ऑफिसच्या वरची. मामीनं चादरीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. आई गेल्यापासून या दोघांनी मला कधी परकं मानलं नाही. झोपताना उगाचच हसू येत होतं.

६ मार्च
आज लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो. मामा पुढे, वाकून, छताला हात लावत चाललेला. शेवटच्या बोगद्याच्या तोंडाशी विटांची भिंत आहे. आग लागली तेव्हा आजोबा, म्हणजे मामाचे वडील, इथे मुकादम होते. त्यांनीच ती बांधून घेतली. आत हवा जायची थांबली, आग विझली. मजूर सगळे आधीच बाहेर आले होते म्हणे. पाहुण्यांना हेच सांगायचं.

११ मार्च
भिंतीतून ठकठक आली. पाहुणे खूश. मामा म्हणाला, आत मीच स्पीकर बसवलाय, तुला सांगायचं राहिलं. जीव भांड्यात पडला.

१२ मार्च
वायरमनला सहज विचारलं. म्हणाला, त्या बोगद्यात वायरच नेलेली नाही.

१५ मार्च
आता खोकणंही ऐकू येतं. मामीला विचारलं, तर भांडी घासता घासता ती रडायलाच लागली. म्हणाली, भिंत बांधली तेव्हा मजूर आतच होते, जिवंत. सासऱ्यांना ठाऊक होतं. ते मजूर आता आपल्या घरातला माणूस मागतात. मोठे दीर तसेच गेले. यंदा आमच्या मुलाची वेळ होती, म्हणून ह्यांनी तुला बोलावून घेतलं. नीघ म्हणाली, आत्ताच्या आत्ता.

मामाला सरळ विचारलं. तो हसला. मामीचं मनावर घेऊ नकोस, चल, स्पीकरच दाखवतो म्हणाला. त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा? निघालोय.

खाली
मला पुढे व्हायला सांगितलं. मागे पिंजऱ्याचं दार लागलं. मामाला घेऊन पिंजरा वर गेला. ओरडलो, मामा, मी तुझ्या सख्ख्या बहिणीचा— वरून एवढंच आलं, म्हणूनच तर.

विटा निघताहेत. आतून. एकेक, हळूच—

बॅटरी मंदावतेय. आत ते एकमेकांना सांगताहेत, सरका, पोराला बसू द्या. इतक्या आपलेपणानं मला कुणी—