तोआदेर खोकला नाही

पारास्किवा,
देव तुला आणि लेकरांना सांभाळो. मी ठीक आहे. कोठडी कोरडी आहे, रोज सूप मिळतं. लोकरीचे मोजे पाठव, पण मोठ्या मापाचे. पाय जरा सुजलेत.

झालं काय ते माझ्याकडूनच ऐक. एकतीस वर्षं चर्चमध्ये मी राजासाठी प्रार्थना म्हटली. आधी फर्दिनांद, मग पोरगेला मिहाय, मग त्याला बाजूला सारून त्याचा बाप कारोल, मग परत मिहाय. राजा बदलला की माझी जीभ जुन्याच नावावर जायची, आणि आपला गायक तोआदेर मोठ्याने खोकून ते झाकायचा. आता राजाच नाही, नव्या सरकारने त्याला देशाबाहेर घालवला. मी "प्रजासत्ताकासाठी" म्हटलं, आणि सवयीने पुढे "आमचा राजा मिहाय" निघून गेलं. तोआदेर खोकला नाही.

त्याला काही बोलू नकोस. त्यालाही पोरंबाळं आहेत.

इथला साहेब म्हणतो, "पाद्रीबुवा, राजा आगगाडीत बसून गेला. तुम्ही कुणासाठी बसलात इथे?" मुद्दाम म्हटलं असं लिहून द्या म्हणतो. मी म्हणतो, चूक झाली. मग तो दार लावून घेतो. किती दिवस असं म्हणू शकेन, ठाऊक नाही.

गाय व्याली का? आपल्या इलिंकाचा ताप उतरला का?

रविवारी नव्या पाद्रीकडे प्रार्थनेत वाचायच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या देशील, एक जिवंतांची आणि एक मेलेल्यांची. कुणी काहीही येऊन सांगितलं, तरी मला जिवंतांच्या चिठ्ठीतून काढू नकोस.

तुझाच,
गाव्रिल