रिकामे कण

४ ऑगस्ट, सोमवार
प्रयोगशाळेतल्या पेशी ठणठणीत! औषध भरलेले कण घालूनही कुठे सूज नाही. सर म्हणाले, "सुचिता, आता उंदीर." सोमवारी, १८ला, उंदरांवरच्या प्रयोगाच्या परवानगीसाठी समितीपुढे जायचं. मी नुसती मान हलवली.
आई असती तर थळच्या बाजारात मासळीआधी ही बातमी ओरडून विकली असती.

६ ऑगस्ट
मावशी गुडघे धरून पायरी चढली. "तुझी ती सुई मला कवा टोचतेस गो?"
वर्षं लागतात, मावशी.
"मंग काय वरती येऊन टोचशील?"
हसली.
आई सांधेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायची — बंदरावर जायची घाई. पोटात जखम झाली, पण दुखलंच नाही. गोळीनेच दुखणं दाबलं होतं. रक्ताची उलटी झाली तेव्हा कळलं. म्हणून हे काम. तेच औषध पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरून थेट सांध्यात सोडायचं, तिथेच हळूहळू झिरपू द्यायचं. पोटाला धक्का नाही. होणार हे!

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही, घरात सण नाही. शेजारच्या अमिषाने नारळी भात आणून दिला. एरवी डबा रिकामा परत करत नाही, काहीतरी घालून देतो. दुःखाच्या घरातून मात्र रिकामाच द्यायचा.
डबा घासून हातात धरला आणि आठवलं — औषध न भरलेले कण आपण तपासलेच नाहीत.

११ ऑगस्ट
प्रयोगशाळेतली मृणाल हसली. "ताई, जेवण नाही, नुसता डबा? अहो, ऑपरेशनचे विरघळणारे टाके ह्याच पॉलिमरचे असतात!" सरांचंही तेच. मलाही खात्री आहे. तरी करते. समितीत कोणी विचारलं तर उत्तर हवं.

१३ ऑगस्ट
रिकामे कण पेशींवर घातले. काही होणार नाही.

१६ ऑगस्ट
रिकाम्या कणांनी पेशी सुजल्या. पुन्हा केलं — तेच. टाक्याचा दोरा वेगळा, एवढा बारीक कण वेगळा. सूज आधीही येतच होती. आतलं औषध ती दाबत होतं. औषध झिरपून संपलं की सांध्यात कणच उरणार.
आईच्या पोटात झालं तेच मी मावशीच्या गुडघ्यात करणार होते.
सरांना फोन केला. "सोमवारी जायचं नाही." ते म्हणाले, "सुचिता, ओरडतेस काय?"