पांढऱ्या कॅन

नामपुला प्रांत, मोझांबिक
दि. १६ मार्च २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून जीव खालीवर करू नको. वादळात इथला टॉवर पडला, तो अजून उभा झाला नाही. जिनिंग मिलचा ट्रक आठवड्यातून एकदा नामपुला शहरात जाते. ड्रायव्हर तिथून या कागदाचा फोटो वैष्णवी वहिनीच्या मोबाइलवर टाकून देईल. तूही असंच लिहून वहिनीजवळ दे. तिकडच्या ऑफिसात कागद काढतात अन् ट्रक आला की मले भेटते.

आम्ही तिघंही बरे आहोत. जूनमध्ये कापूस येईल, तोवर रजतले साऱ्या मशिनी खोलून बसवायच्या आहेत. वणीच्या जिनिंगमध्ये शिकला ते सारं इथं कामी पडून राह्यलं. घरचं मात्र माह्या एकटीवर. गॅस मिळत नाही, म्हणून सकाळी उठून कोळसा आणायचा. मग मका दळून आणायचा. परवा चक्कीवर मी बारीक दळ म्हणायले गेली आणि तोंडातून काय निघालं कोणास ठाऊक, रांगेतल्या बाया पोट धरून हसल्या. खुशीले मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा इतका आवडते की पोळीचं नाव काढत नाही. तुही नात अर्धी इथलीच झाली समज.

पाण्याचा मोठा घोर होता. नळ वादळात गेला आणि हातपंप लांब. पण बाजारात एका माणसाजवळ मोठ्या पांढऱ्या कॅन आल्या. जाड प्लास्टिक, झाकण गच्च. वरची चिठ्ठी खरडून काढलेली, म्हणून स्वस्त. आमच्या गल्लीतल्या बहुतेक जणींनी घेतल्या, मीही घेतल्या. थोडा गोडसर वास येते. राखेनं घासल्या, जाईल हळूहळू.

चणा निघाला का? बाबांना उन्हात जाऊ देऊ नको. समुद्रापलीकडच्या या लेकीवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
अर्पिता

*

मु. पो. मारेगाव, जि. यवतमाळ
दि. २० मार्च २०२५

चि. सौ. अर्पितास,
अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र आत्ताच वाचलं. बाकीचं मंग लिहीन. हे वाचल्याबरोबर उठ. त्या कॅनमधलं पाणी कोणाले पिऊ देऊ नको. खुशीचं तोंडही त्यानं धुऊ नको.

ते फवारणीच्या औषधाच्या कॅन हायेत बाई. कापसाचा मुलूख, जाड प्लास्टिक, खरडलेली चिठ्ठी अन् तो वास. दुसरं काय असन? राखेनं नाई, कशानंच जात नाई ते.

फवारणीनं माणसं मेली त्या साली तू अमरावतीले शिकत होती. बाबाले ताप आला, एवढंच तुले कळवलं. तो ताप नव्हता. कपाशी फवारून आले तर घाम थांबेना, तोंडातून लाळ गळे अन् डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात बाजूच्या खाटेवर आपल्याच गावचा उकंडा नावाचा गडी होता. बाबासंग पऱ्हाटीच्या पिकाच्या गोष्टी करता करता तो गप झाला. मले वाटलं डोळा लागला. बाबाची नजर तेव्हापासून अधू हाये. तू म्हणते वयानं झालं, आम्हीही तसंच म्हणू दिलं.

खुशीच्या डोळ्यात पाह्य. बाहुली बारीक दिसली तर कोणी काहीही म्हणो, मोठ्या दवाखान्यात ने अन् फवारणीचं औषध पोटात गेलं म्हणून सांग. त्यावर इंजेक्शन असते. बाबा त्याच्यावरच वाचले.

वैष्णवीनं नामपुलाच्या ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस तिले इंग्रजीत म्हणे, नदीवरचा पूल वाहून गेला, ट्रक शहरातच उभा हाये. कसंही करून कागद पोचवा म्हणून मी फोनवरच हात जोडले. त्याले मराठी येत नव्हती, पण माह्या रडण्यानं काय ते समजला असन.

जावयाले आशीर्वाद. तुमच्या तिघांच्या खुशालीवर आमचा श्वास चालू हाये, येवढं ध्यानात ठेव.

तुही,
आई

*

नामपुला प्रांत
दि. २३ मार्च २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही. पूल गेला म्हणतात. मिलचा एक माणूस नावेतून नदी उतरून शहरात चालला आहे, त्याच्याजवळ हे देते.

खुशीले बरं नाही. दोन वर्षांची होती तशी लाळ गाळून राह्यली. थंड वारा असला तरी कपडे घामानं ओले होतात. इथल्या छोट्या दवाखान्यात मलेरिया म्हणाले. तपासायचं साहित्य संपलं, गोळ्या दिल्या. बाकावर आमच्याच गल्लीतली लेकरं बसलेली. साथ आली आहे म्हणतात सारे. माहंही डोकं दुखते, संध्याकाळी सुईत दोरा ओवता येत नाही. रजत ठीक आहे, तो दिवसभर मिलमध्येच असते.

नर्सबाईनं सांगितलं, भरपूर पाणी पाजा. म्हणून मी दर थोड्या वेळानं तिले उठवून पाजून राह्यली. नको म्हणते, तरी पाजते.

देवाजवळ हिच्यासाठी काही बोल. तुझा हात डोक्यावर आहे असं समजून दिवस काढते.

तुझी,
अर्पिता

*

मारेगाव
दि. २५ मार्च २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

पाणी पाजू नको. पाणी पाजू नको. पाणी पाजू नको.

आई

*

नामपुला प्रांत
दि. ५ एप्रिल २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

खुशी वाचली. हे आधी वाच, मग बाकीचं.

तुझी दोन्ही पत्रं त्या नावेवाल्या माणसानं एकदमच आणली. मी खुशीजवळ पाण्याचा गिलास घेऊनच बसली होती. तिच्या डोळ्यात पाहिलं, बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या. गिलास अंगणात ओतून दिला. मोटारसायकल, नाव, मग परत मोटारसायकल, असं करून शहरातल्या दवाखान्यात पोचलो. मी तुझेच शब्द डॉक्टरपुढं तोडक्यामोडक्या भाषेत म्हटले. त्यांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं, मलेही दिलं. आता तिले घरी आणली, मऊ भात खाते. हात मात्र अजून थरथरतात.

रजत आम्हाले तिथं सोडून गल्लीत परतला आणि दारोदार फिरला. लोक कॅन देईनात. घरात दुसरं भांडंच नाही, पाणी ठेवतील कशात? त्यानं मिलमधले खाण्याच्या तेलाचे रिकामे डबे नेऊन एकेक कॅन बदलून घेतली. तेव्हा कळलं, कॅन मिलच्याच गोदामातल्या होत्या. शेतकऱ्यांना औषध वाटून झालं की भोकं पाडून पुरायच्या असतात. त्या मागच्या दारानं विकल्या गेल्या. मॅनेजरनं रजतले बोलावून सांगितलं की साथ आहे म्हणायचं, जास्त बोललास तर घरी जा. रजत शुक्रवारी मशिदीसमोर उभा राह्यला आणि नमाज सुटल्यावर साऱ्यांसमोर खरं ते सांगितलं. त्याची नोकरी गेली. खोली महिनाअखेर सोडायची आहे.

आमच्या गल्लीतली दोन लेकरं त्याआधीच गेली होती. त्यांच्या आया दवाखान्यात माह्या बाजूले बसल्या होत्या. त्याही पाणीच पाजत होत्या.

शेवटच्या घरची माणसं कापणीले नदीपलीकडच्या शेतावर गेली होती, कॅन घेऊन. रजत त्यांना शोधायले गेला, तो आज सकाळी आला. अंगणात बसून हात धुवत राह्यला. नखांत लाल माती भरलेली होती. त्याच्यासंग त्या घरचं कोणीच परत आलं नाही.

कॅन विकणारा तो माणूस पुढच्या गावच्या बाजारातही बसत होता म्हणे. उद्या आम्ही दोघं तिकडं जातो. खुशीले शेजारीण पाहील. औषधाचं नाव घेऊन बाया ऐकत नाहीत, म्हणून मले बाबांचं सांगायचं आहे, त्यांची लाळ, त्यांचे डोळे, बाजूच्या खाटेवरचा उकंडा. परक्या देशात चार लोकांत बाबांचं असं सांगितलेलं त्यांना चालेल का, तेवढं विचार. उत्तर यायले वेळ लागेल, म्हणून मी सांगून टाकीन. त्यांना राग आला तर तू समजूत काढ, आणि आमच्यावर माया ठेव.

तुझी,
अर्पिता